नदीतले शिंपले संपत चाललेत, गाव म्हणून काय करता येईल?

कृष्णाकाठ_सांगली
नमस्कार मंडळी, बरेच दिवस हा विषय डोक्यात घोळतोय, इथे नदी-माशांवर बोलणारी माणसं आहेत म्हणून इथेच टाकतो.

मी सांगली जिल्ह्यातला, गाव कृष्णेला लागूनच. आमच्याकडे नदीत शिंपले भरपूर असायचे, उन्हाळ्यात पाणी उतरलं की गुडघाभर पाण्यात पायाला लागायचेच. घरोघरी चुलीपाशी एक तरी शिंपली असायची, दुधाच्या पातेल्याची खरवड काढायला, आणि पाठीला दगडावर घासून भोक पाडलेली दुसरी, कैऱ्या सोलायला. आता काठावर रिकाम्या शिंपल्या पडलेल्या दिसतात पण जिवंत शिंपला शोधावा लागतो. भोई वस्तीतली जुनी माणसं सांगतात की वाळूचा उपसा वाढला तेव्हापासून ही उतरती कळा लागली, शिवाय साखर कारखान्याच्या मळीचं पाणी येतं तेव्हा मासे मरून वर येतात ते वेगळंच.

त्यात आता नवीन भर म्हणजे एक जण टेम्पो घेऊन येतो आणि नगावर शिंपले विकत घेतो, मोत्यांच्या शेतीसाठी म्हणे. पोरं पोत्यानं काढून देतात. पोरांना दोष देत नाही, दोन पैसे मिळतात तर काढणारच. तो फक्त मोठे घेतो, बारके परत टाकतो, त्यामुळे गावात सगळे म्हणतात की बारके राहतात ना, वाढतील की!

पुढच्या ग्रामसभेत हे मांडायचंय. काढणं बंद केलं तर शिंपले आपोआप वाढतील का? आणि काही जणांचं म्हणणं आहे की दुसऱ्या तलावातून चार पोती आणून सोडू, तर ते चालेल का? जाणकारांनी जरा सविस्तर सांगा, सभेत बोलायचं तर हातात काहीतरी पाहिजे.

डोहकाठ
कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते, शिंपले हा माझा आवडीचा विषय, त्यामुळे उत्तर लांबणार आहे, चालवून घ्या.

आधी ते ‘बारके राहतात ना’ बघू, सगळी गोम तिथेच आहे. टेम्पोवाला ज्याला बारका म्हणून परत टाकतो तो बहुतेक वेळा चांगला काही वर्षांचा असतो. खरी पिल्लं तुम्हाला दिसतच नाहीत, ती वाळूत गाडलेली असतात, मुगाच्या दाण्याएवढी किंवा त्याहूनही लहान. ती आहेत की नाहीत यावर नदीतला शिंपला जगणार की जाणार हे ठरतं. शिंपला दीर्घायुषी प्राणी आहे, युरोपातल्या मोत्याच्या शिंपल्याची जात तर शंभर वर्षांच्या वर जगते, आणि तिथल्या कितीतरी नद्यांत आज नुसते म्हातारे शिंपले उरलेत, वर्षानुवर्षं नवीन पिल्लू नाही. वरून बघणाऱ्याला वाटतं नदीत शिंपले आहेत की! स्कॉटलंडमध्ये ते काढण्यावर १९९८ पासून बंदी आहे तरी संख्या म्हणावी तशी वाढत नाही, कारण नुसतं काढणं थांबवून भागत नाही.

का भागत नाही ते त्याच्या जन्मातच आहे. मादी अंडी पाण्यात सोडत नाही, स्वतःच्या कल्ल्यांत वाढवते आणि त्यातून निघालेल्या अळ्या पाण्यात सोडते. या अळीला ग्लोकिडियम म्हणतात, डोळ्याला जेमतेम ठिपका दिसेल एवढी, तिलाही दोन इवल्याशा झडपा असतात. जवळून मासा गेला तर ती त्याच्या कल्ल्याला नाहीतर पराला चिमटा काढून बसते, माशाची कातडी तिच्यावर पातळ आवरण धरते, आणि काही दिवस ते काही आठवडे ती तिथेच मुक्काम करते. मग सुटून खाली पडते आणि वाळूत शिरते. मासा मिळाला नाही तर थोडक्या दिवसांत खलास. त्यातही कुठलाही मासा चालत नाही, ज्या त्या जातीच्या शिंपल्याचे मासे ठरलेले असतात, चुकीच्या माशाच्या अंगावर अळी तग धरत नाही. त्यामुळे नदीत मासे आहेत एवढ्यावर समाधान मानू नका, कोणते आहेत ते भोई मंडळींना विचारा. पूर्वी मिळायचे ते देशी मासे अजून जाळ्यात येतात की नुसती बाहेरून आलेली चिलापी येते, हे शिंपल्याच्या दृष्टीनं फार महत्त्वाचं आहे.

म्हणजे शिंपल्याला मासा पाहिजे, वाळू पाहिजे आणि स्वच्छ वाहतं पाणी पाहिजे, यातलं एक गेलं तरी पिल्लांची साखळी तुटते. तुमच्या गावात तिन्हीला धक्का लागलाय आणि त्यावर टेम्पोवाला नेमके मोठे, म्हणजे पिल्लं देणारे शिंपले उचलून नेतोय.

बाहेरून आणून सोडायचं मात्र कृपा करून करू नका. आपल्याकडे लॅमेलिडेन्स आणि पॅरेशिया हे दोन प्रकार जास्त दिसतात, पण त्यात जाती बऱ्याच आहेत आणि काही फार थोड्या जागी सापडतात. पॅरेशिया खडकवासलाएन्सिस नावाची जात आहे, १९६६ साली तिची नोंद झाली, नावावरूनच कुठली ते कळेल. तुमच्या कृष्णेच्या खोऱ्यातला आर्सिडॉप्सिस फुटेई आययूसीएन या जागतिक निसर्ग संवर्धन संस्थेच्या यादीत धोक्यात आलेला म्हणून आहे. खाली तुंगा-भद्रेकडे स्यूडोमुलेरिया डॅली आहे, तो तर समुद्रातल्या कालवासारखा खडकाला चिकटून बसतो, तोही धोक्यात. अशा खोऱ्यात कुठल्या तरी तलावातली पोती ओतली तर रोग येतील, भलतीच जात येईल, आणि मूळचं काय होतं तेही मग कळायचं नाही.

सभेच्या आधी एक काम करा. पाणी कमी असेल तिथे काठापासून आत मीटरभराची चौकट ठेवून हातानं चाचपून जिवंत शिंपले मोजा, मग त्याच जागची वरची वाळू घमेल्यात घेऊन बारीक चाळणीतून पाण्यातच चाळा. फोटो काढा, आणि शिंपला होता तिथेच, होता तसाच परत रोवा, नुसता फेकू नका. पुण्याजवळ आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणचं केंद्र आहे, जाती ओळखायला रिकाम्या शिंपल्या जपून ठेवा, जिवंत नेऊ नका.

मोतीवाला_शेतकरी
मी मोत्यांची शेती करतो म्हणून बोलतो, राग मानू नका.

ताईंनी सांगितलं ते खरं आहे. या धंद्यात आठ सेंटीमीटरच्या वरचा शिंपला लागतो, दोन-तीन दिवस साठवलेल्या नळाच्या पाण्यात दाटीनं ठेवून ढिला करतात, मग झडपा हलकेच फाकवून आवरणाच्या आत मणी किंवा साचा बसवतात, आणि जाळीच्या पिशवीत टांगून वर्ष-दीड वर्ष पाण्यात ठेवतात. यात मरतूक होतेच, नवशिक्याकडे तर फारच. मेले की तो परत नवीन शिंपले विकत घेतो. दोन दिवसाच्या ट्रेनिंगमध्ये मणी कसा बसवायचा ते शिकवतात, शिंपला कुठून आणायचा याचं उत्तर मात्र ‘मिळतो, नंबर देतो’ एवढंच. तो नंबर तुमच्या टेम्पोवाल्यासारख्याचा असतो.

भुवनेश्वरच्या सीफानं, म्हणजे गोड्या पाण्यातल्या मत्स्यशेतीच्या केंद्रीय संशोधन संस्थेनं, हे तंत्र आपल्याकडे बसवलं, तेव्हा धंदा खोटा आहे असं नाही. पण शिंपला पैदास करून वापरला पाहिजे. ते प्लॅस्टिक कागदाच्या शेततळ्यात होत नाही, तिथे तळाला माती नाही, पिल्लू राहणार कुठे. मातीचा तलाव पाहिजे, मासे पाहिजेत. मी आमच्या तलावाच्या मच्छीमार सोसायटीकडून घेतो, वर्षाला ठरलेले नग, त्याहून जास्त नाही. माझं म्हणणं आहे की सभेत ‘मोत्याची शेती बंद करा’ असं बोलू नका, त्यानं चार पोरं विरोधात जातील. नदीतून काढलेला शिंपला आमच्या हद्दीतून विकायचा नाही, एवढंच धरा.

रिचमंड_व्हर्जिनिया
मूळची साताऱ्याची, आता अमेरिकेत. इथली गोष्ट सांगते कारण हे सगळं इथे शंभर वर्षांपूर्वी होऊन गेलंय.

उत्तर अमेरिकेत गोड्या पाण्यातल्या शिंपल्यांच्या साधारण ३०० जाती, जगात सगळ्यात जास्त. १८९१ मध्ये आयोवातल्या मस्कटीन गावी शिंपल्याची बटणं बनवायला सुरुवात झाली आणि बघता बघता मिसिसिपीच्या काठानं कारखानेच कारखाने झाले, शिंपले बोटी भरभरून काढले, एका शिंपल्यातून गोल गोल चकत्या कापून घ्यायच्या आणि भोकं पडलेली शिंपली फेकून द्यायची. नंतर प्लॅस्टिकची बटणं आली, धंदा बसला, पण तोवर धरणं आणि प्रदूषण सुरू झालं होतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये सरकारनं २१ जाती नामशेष झाल्या म्हणून धोक्यातल्या यादीतून काढल्या, त्यातल्या ८ जाती शिंपल्यांच्या होत्या. वाचून फार वाईट वाटलं होतं.

आमच्या राज्यात क्लिंच नावाची नदी आहे, शिंपल्यांसाठी प्रसिद्ध. १९९८ मध्ये तिच्या काठावर रसायनाचा टँकर उलटला आणि ७,००० च्या आसपास शिंपले मेले, त्यात दुर्मिळ जातीही होत्या. एका दुपारचं काम, आणि भरून काढायला वर्षानुवर्षं लागतात. इथे रिचमंडजवळ हॅरिसन लेकला सरकारी मत्स्यबीज केंद्रात शिंपल्यांची पैदास करतात. मादीच्या कल्ल्यातून सुईनं पाणी सोडून अळ्या हळूच बाहेर काढतात, त्या पाण्यात ठरलेल्या जातीचे मासे थोडा वेळ ठेवतात, मग टाक्यांच्या तळाशी पडलेली पिल्लं बारीक जाळीवर गोळा करून शेवाळाचं पाणी पाजून वाढवतात आणि मोठी झाली की अंगावर नंबरची चिकटपट्टी लावून नदीत सोडतात. जेम्स स्पायनीमसल नावाची जात, १९८८ पासून धोक्याच्या यादीत, ती अशी वाढवून सोडताहेत. पण सोडतात त्याच खोऱ्यातले, आणि नदीचं पाणी आधी तपासून.

पाण्यावरून एक महत्त्वाचं. शिंपल्याची पिल्लं अमोनियाला फार नाजूक, माशांपेक्षाही. इथल्या पर्यावरण संस्थेनं २०१३ मध्ये अमोनियाची मर्यादा कडक केली त्यात शिंपल्यांवरच्या चाचण्यांचा मोठा वाटा होता. मोठा शिंपला झडपा मिटून वाईट दिवस काढतो, पिल्लाला ते जमत नाही. त्यामुळे सांडपाण्याचा नाला जिथे मिळतो त्याच्या वर आणि खाली, दोन्हीकडे मोजा.

कृष्णाकाठ_सांगली
सगळ्यांचे आभार, इतकं मिळेल वाटलं नव्हतं. रविवारी पोरांनाच बरोबर घेऊन मोजलं, टेम्पोला काढून देणारी तीच, त्यांना जागा माहीत. बंधाऱ्याच्या वरच्या बाजूला जिवंत शिंपले मिळाले पण सगळे मोठे, चाळणीत वाळूपेक्षा गाळच जास्त, पिल्लू एकही नाही. खालच्या अंगाला जुन्या घाटाजवळ वाळूचा पट्टा शिल्लक आहे, तिथे मात्र नखाएवढे मिळाले! पोरं खूश, त्यातल्या एकानं त्याच जागी बोटानं खड्डा करून परत ठेवले.

अजून एक लक्षात आलं. बंधाऱ्याचे बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, काढले की पाणी झरकन उतरतं आणि काठचे शिंपले चिखलात उघडे पडतात. चिखलावर त्यांच्या सरकण्याच्या रेघा दिसतात, पाण्याकडे निघालेल्या, आणि रेघेच्या टोकाला शिंपला उन्हात मेलेला. यावर काही करता येतं का?

वैनगंगा_भंडारा
बरगे एकदम सगळे काढू नका म्हणून पाटबंधारे खात्याला ग्रामपंचायतीचा ठराव द्या, टप्प्याटप्प्यानं काढा म्हणावं. पाणी सावकाश उतरलं तर शिंपला स्वतः सरकतो, तेवढा वेळ त्याला पाहिजे. त्या दोन-तीन दिवसांत काठावर पोरं ठेवा, उघडे पडलेले उचलून त्याच डोहात खोल पाण्याकडे न्यायचे, दुसरीकडे नाही.

आमच्या भंडारा-गोंदियात जुन्या मालगुजारी तलावांवर ढिवर या मासेमार समाजाच्या सोसायट्यांनी बेशरमाची माजलेली झुडपं उपटून काढली, पाण्यातल्या देशी वनस्पती परत लावल्या आणि देशी मासे वाढले. सुरुवात केली ती तिथेच मासे धरणाऱ्या लोकांनी, बायांनी तर जास्त. तुमच्याकडे भोई मंडळींना सभेत पहिल्यांदा बोलू द्या, कोणत्या डोहात काय आहे ते त्यांना पाठ असतं.

आणि कायद्याचं म्हणाल तर २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते, बहुतेक गावांत ती कागदावर आहेच, सरपंचांना विचारा सदस्य कोण आहेत. लोक जैवविविधता नोंदवहीत तुमच्या मोजणीचे आकडे, फोटो आणि घाटाजवळचा वाळूचा पट्टा नकाशासह चढवा. व्यापारासाठी हद्दीतून गोळा करणाऱ्याकडून समितीला शुल्क लावता येतं, म्हणजे टेम्पोवाल्याला समितीपुढे येऊन किती नेतो, कुठे नेतो हे सांगायला लावा. आमच्याकडे असं विचारल्यावर व्यापारी परत फिरकला नाही. घाटाजवळचा पट्टा मात्र वाळूच्या लिलावात जाऊ देऊ नका, तहसीलला आत्ताच लेखी हरकत द्या, लिलाव निघाल्यावर उशीर होतो. हरकतीचा मसुदा मी लिहून देते, गावाचं नाव आणि गट नंबर मेसेजमध्ये पाठवा.