पाण्याच्या योजनेच्या बैठकीत नेमकं काय विचारू?

मधली_आळी

नमस्कार मंडळी. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. इथे आमच्याकडचे चारजण तरी वाचतात आणि उद्या मला त्यांच्याच दुकानातून साखर आणायची आहे.

क वर्ग नगरपरिषद, वस्ती 32 हजारांच्या घरात. मी जुन्या पेठेत राहते, घरीच मसाले-पापड करून विकते. आमच्या आळीला पाचव्या दिवशी पाणी येतं, वेळेचा नेम नाही. परवा पहाटे पावणेचारला शेजारच्या काकूंनी कडी वाजवली, "अगं, आलं!" काय आलं हे आमच्या आळीत कुणी विचारत नाही. मग मोटार लावायची. सगळेच लावतात. नाही लावली तर माझ्या नळातून नुसता फुस्स आवाज. मीटर कुणाकडेच नाही, वर्षाची ठोक पाणीपट्टी.

आता नगरपरिषदेने पाणीपुरवठा सुधारणा आणि शहर विकास अशी जोडयोजना आणली आहे. धरणावर नवी जॅकवेल (पाणी उपसायची विहीर), जास्त एचपीचे पंप, माळावरच्या नव्या प्लॉटिंगजवळ 10 लाख लिटरची टाकी आणि आमच्या पेठेला काँक्रीटचा रस्ता. पेठेतले पाइप बदलायचं मला त्या कागदात कुठे सापडलं नाही.

गुरुवारी आमच्या प्रभागाची बैठक आहे. मागच्या वेळी मी उठून "रोज पाणी कधी येणार?" असं विचारलं. "योजना झाली की," असं उत्तर मिळालं, टाळ्या वाजल्या आणि चहा आला. या खेपेला असा प्रश्न हवाय की चहा आला तरी तो तसाच उभा राहील. पाण्याच्या खात्यात काम केलेलं कुणी आहे का इथे?

पंपहाऊस_31

ताई, आहे. 31 वर्षं काढली, आधी व्हॉल्व्हमन म्हणून, मग पंपावर. तुमची नाही, दुसरी नगरपरिषद.

आधी दोन आकडे आणा, मग बोलू. एक, फिल्टर हाऊसवरून रोज किती पाणी गावात सोडतात. लॉगबुकात असतं, बहुतेक ठिकाणी भिंतीवरच्या फळ्यावरही लिहिलेलं असतं. दुसरा आकडा तुमच्या मोरीतला. पुढच्या पाळीला 20 लिटरची बादली घ्या, भरायला किती सेकंद लागतात ते मोबाइलवर मोजा आणि पाणी किती वेळ टिकलं ते लिहा. सुरुवातीला एकदा, मध्ये एकदा, शेवटी एकदा मोजा.

मधली_आळी

काका, काल पाळी होती. फळ्यावर रोजचे 30 लाख लिटर लिहिलेत, ऑपरेटरने फोटो काढू दिला. बादलीला मोटार लावून सरासरी 85 सेकंद लागले, पाणी 70 मिनिटं होतं. घरात आम्ही पाचजण. सासूबाई विचारत होत्या, पाणी भरायचं सोडून बादलीचा फोटो काय काढतेस.

पंपहाऊस_31

सासूबाईंना सांगा, पेठेत आजवर कुणी केलं नाही ते सून करते आहे.

आता हिशोब. 30 लाख लिटर भागिले 32 हजार माणसं, म्हणजे डोई 94 लिटर रोज. तुम्ही पाचजण, पाळी पाच दिवसांची. तुमच्या वाट्याला पाळीमागे 2350 लिटर यायला हवेत. आले किती? 70 मिनिटांत 85 सेकंदांची एक अशा 49 बादल्या, म्हणजे 980 लिटर. तेही मोटार लावून. जवळजवळ 1400 लिटर तुमच्या दारापर्यंत पोचलेच नाहीत.

सगळे गळाले असं मी म्हणत नाही. दवाखाने, हॉटेलं, वसतिगृह यांना पाणी जातं. उताराच्या वस्तीत चार तास नळ चालतो आणि लोक अंगण धुतात. मीटर नसल्यामुळे कुणी किती घेतलं हे देवालाच माहीत. पण गळती मोठीच असणार, हे जुन्या पेठांचं दुखणं मी जवळून बघितलंय.

कुठे गळतं सांगतो. मोठी लाइन फुटली तर कारंजं उडतं, लगेच फोन येतात, तासाभरात खड्डा खणला जातो. खरं पाणी जातं ते तुमच्या घराच्या जोडणीतून. मेन लाइनला भोक पाडून फेरूल बसवतात, तिथून अर्धा इंची लोखंडी नळी निघते आणि बहुतेक वेळा गटारातून आडवी जाते. दहा-बारा वर्षांत ती गटारात कुजते. पाणी गटारातच जातं, म्हणून दिसत नाही. आम्ही रात्री दोनला, रस्ता सामसूम झाला की लोखंडी गज जमिनीत रोवून दुसरं टोक कानाला लावायचो. गळती असेल तर सूं असा आवाज येतो, गॅस शेगडीसारखा. पेठेतल्या एका गल्लीत मी एका रात्रीत अकरा जागा खडूने खुणावल्या होत्या.

आणि ते भोक दोन्ही बाजूंनी चालतं, हे लक्षात घ्या. पाणी असताना बाहेर गळतं. पाणी बंद असताना पाइप रिकामा, वरून तुम्ही सगळ्यांनी मोटारी लावलेल्या, मग तेच भोक गटाराचं आत ओढतं. पाळीच्या पहिल्या दोन-चार बादल्या गढूळ येतात ना? ते हेच. शेवटच्या घराच्या नळाला ओटी टेस्ट, म्हणजे क्लोरीनची तपासणी, करून बघा. पाण्यात थेंब टाकल्यावर पिवळा रंग आला तर क्लोरीन शिल्लक आहे. लिटरमागे निदान 0.2 मिलिग्रॅम असायला लागतं. रंगच आला नाही तर पाणी उकळा, योजनेची वाट बघू नका.

आता जादा एचपीचे पंप लावून याच पाइपांत जास्त दाबाने पाणी ढकललं तर काय होईल? दाब वाढला की गळती वाढते. विजेचं बिल मात्र नगरपरिषदेच्या नावावर दर महिन्याला चुकता येईल.

सगळं_बघितलंय

ताई, कशाला झोप मोडता? पाइप जमिनीखाली जातो, टाकीवर नाव लिहिता येतं. एवढंच कारण आहे.

अनुदानाचं सांगतो. केंद्राच्या अमृत योजनेच्या पहिल्या टप्प्यात 2015 ला 500 शहरं होती. ऑक्टोबर 2021 ला अमृत 2.0 आलं, त्यात छोट्या नगरपरिषदा, नगरपंचायतीही आल्या. लाखाच्या आतल्या गावाला केंद्राचा हिस्सा निम्मा. तुमचा पैसा कुठून येतोय ते विचाराच, पण तो बांधायला मिळतो, चालवायला नाही. टाकी फुकटात बांधून मिळाली तरी तिच्यात रोज पाणी चढवायची वीज तुमच्याच पाणीपट्टीतून जाणार. आणि पाणीपट्टी वाढवा म्हटलं की सभागृहात एकही हात वर होत नाही, निवडणुकीच्या आधी तर नाहीच.

टाकीच्या जागेचंही बघा. विकास आराखड्यात टाकीचं आरक्षण कुठल्या गटावर होतं आणि टाकी कुठे चालली आहे? नगररचना कायदा 1966 चा. त्याच्या कलम 127 प्रमाणे आरक्षित जागा 10 वर्षांत घेतली नाही की मालक नोटीस देतो, आणि मुदतीत पावलं उचलली नाहीत तर आरक्षण उडतं. गावाच्या मधोमध उंचावरची जागा अशीच हातची जाते आणि टाकी मग प्लॉटिंगवाल्याच्या सोयीच्या माळावर. माझं म्हणणं चुकीचं निघालं तर आनंदच आहे.

कोयनाकाठ

मी कराडकडचा. आमच्या शेजारचं मलकापूर बघून या. पुणे-बंगळूर हायवेला लागून, पूर्वी ग्रामपंचायत, मग नगरपंचायत, आता नगरपरिषद. कोयनेचं पाणी. तिथं चोवीस तास पाणी देतात, एवढंच लोकांना माहीत असतं. कसं देतात ते महत्त्वाचं आहे. गावात पाइपांचं जाळं नवं टाकलं, घरोघर मीटर बसवले आणि दर टप्प्याटप्प्यानं चढता ठेवला. गरजेपुरतं वापरलं तर स्वस्त, उधळलं तर महाग.

माझी मावशी तिथं राहते. चोवीस तास म्हटल्यावर मला वाटायचं, हे लोक पाणी बेसुमार वापरत असणार. झालं उलटं. आधी तीही तुमच्यासारखीच साठवायची, आणि नवं पाणी आलं की कालचं "शिळं" म्हणून ओतून द्यायची. आपल्याकडं सगळी घरं हेच करतात, चार-चार दिवसांचं साठवलेलं पाणी पाळीच्या दिवशी मोरीत. नळ कधीही उघडला तरी पाणी आहे म्हटल्यावर साठवायचं कशाला? तिनं मोरीतला हौद फोडला आणि तिथं वॉशिंग मशीन ठेवलं.

मोटारीही गेल्या. लाइन सतत भरलेली असली की ओढायला काही उरत नाही. पण आमच्या इकडचं पाणी तुमच्या इकडं नाही, हेही खरं. उन्हाळ्यात तुमच्या धरणात किती राहतं ते आधी विचारा.

साईटवरचा_पोरगा

मी रस्त्यांची कामं करतो, म्हणजे ज्यांना तुम्ही शिव्या देता त्यातला एक.

ताई, बाकी सगळं सोडा, पेठेचा काँक्रीट रस्ता आधी की पाइप आधी, एवढंच विचारा. माझ्यासमोर घडलंय. मार्चअखेरची घाई, निधी परत जाईल म्हणून काँक्रीट ओतलं. पुढच्या वर्षी पाण्याच्या योजनेचा ठेकेदार आला आणि ब्रेकरने तोच रस्ता मधोमध फोडला. पॅच मारतात, पण जुन्याला नवा काँक्रीट धरत नाही. पावसाळ्यात तिथेच खचतं आणि मग पाइपावर थेट ट्रकचं चाक.

क्रम असा असतो: आधी गटार, मग पाणी, मग रस्ता. पेठेचा रस्ता रुंद असेल तर दोन्ही कडांना लाइन मागा, म्हणजे नळजोडणी रस्ता ओलांडत नाही. अरुंद असेल तर रस्त्याखालून आडव्या नळ्या आधीच टाकून ठेवायच्या, पुढे जोडणी त्यातून ओवता येते. आणि पाइप बुजवायच्या आधी दाब देऊन टेस्ट झालीच पाहिजे. तेव्हा तिथे उभ्या राहा. बुजवल्यावर मी पण शपथेवर सांगेन की टेस्ट झाली.

पंपहाऊस_31

पोरगा बरोबर बोलला. माझी एक भर. योजना कागदावर पाइपांसाठी पुढच्या 30 वर्षांची लोकसंख्या धरून करतात, पंपांसाठी 15. त्यातली वाढ कुठे धरली आहे ते विचारा. सगळी वाढ माळावर धरली असेल तर पेठ आपोआप जुन्या पाइपांवर राहते.

आणि बैठकीत "गळती किती?" असं विचारू नका. "15 टक्के" म्हणतील. पाणीपुरवठ्याच्या सरकारी मॅन्युअलमध्ये तेवढी धरायची असते, म्हणून तोंडपाठ आहे. म्हणा, "जुन्या टाकीचा आऊटलेट रात्री बंद करा, आत पाण्याला खूण करा, पहाटे बघू." त्याला अनुदान लागत नाही, शिडी लागते.

मधली_आळी

बैठक झाली. उशीर झाला लिहायला, पापडाची मोठी ऑर्डर होती.

मी उठले आणि फक्त बादलीचा हिशोब वाचला. 2350 आणि 980. मागच्या रांगेतले एक आजोबा म्हणाले, "आमच्याकडे 600 पण होत नाहीत, वरच्या टोकाला आहोत." मग प्रत्येकजण आपापल्या बादल्या सांगायला लागला. चहा आला होता, गार झाला. माळावरच्या टाकीची जागा कुणी सुचवली यावर साहेबांनी "तांत्रिक बाब आहे" म्हटलं. ते मी सोडलं, एका दिवसात सगळं होत नाही.

रस्त्याचं मात्र लेखी मिळालं: पेठेतली जलवाहिनी अंदाजपत्रकात घेतल्याशिवाय काँक्रीटचं काम सुरू करायचं नाही, असा मुद्दा इतिवृत्तात आला. मी प्रत मागितली आहे. मिळेपर्यंत विश्वास नाही.

टाकीची खूणही झाली, काका. शनिवारी रात्री. अभियंता तरुण आहे, त्यालाच उत्सुकता होती. टाकी 5 लाख लिटरची, पाण्याची उंची 4 मीटर. आऊटलेट बंद करून रात्री बाराला व्हॉल्व्हमन वर चढला, टॉर्च दातात धरून आतल्या भिंतीला खडूची रेघ ओढली. पहाटे चारला परत चढला. रेघेच्या खाली वीतभर पाणी उतरलं होतं, 20 सेंटिमीटर. अभियंत्याने मोबाइलवर हिशोब केला: 25 हजार लिटर. चार तासांत, नळ एकही उघडा नसताना.

पंपहाऊस_31

टाकीखाली ओल होती का?

मधली_आळी

नाही, खाली कोरडं ठणठणीत.

पंपहाऊस_31

मग व्हॉल्व्ह बसत नाही. सीट झिजली असणार, बंद केला तरी पाणी सरकतं आणि पेठेच्या लाइनीत जाऊन मुरतं. व्हॉल्व्ह उघडून बघायला सांगा. बदलायला लागला तर एका दिवसाचं काम आहे.

मधली_आळी

सांगितलं. "पुढच्या महिन्यात" म्हणालेत. आज रात्री पाळी आहे, या खेपेला आळीतल्या सात घरांत बादली आणि घड्याळ घेऊन बसणार आहोत. सासूबाईंनी त्यांची जुनी पितळी बादली काढली आहे. ती 18 लिटरची निघाली, म्हणून त्यांचा हिशोब वेगळा.