शब्दचर्चा : ‘कथित बेकायदा हत्या’ आणि तिच्या आसपासचे शब्द

विचारणा : सरकारी सैनिकांनी बेकायदा हत्या केल्याचे आरोप होतात तेव्हा आंतरराष्ट्रीय यंत्रणा त्यांवर लक्ष ठेवतात. अशा काही अहवालांचा मराठी अनुवाद पुण्यातील आमच्या अभ्यासगटासाठी चालू आहे. मसुद्यात ‘तथाकथित हत्या’, ‘न्यायबाह्य देहदंड’ आणि ‘संनियंत्रण’ हे शब्द आले आहेत. ते योग्य आहेत का? (एक वाचक, कोथरूड)

उत्तर : तिन्ही बदलावेत असे माझे स्पष्ट मत आहे, आणि पहिला तर आजच बदलावा. ‘तथाकथित’ या शब्दात मराठीत अविश्वास मुरलेला आहे. ‘तथाकथित समाजसेवक’ म्हटले की तो गृहस्थ समाजसेवक नाहीच, असा निवाडा आपण देऊन बसतो. ज्या तक्रारीची चौकशी अजून व्हायची आहे तिला हे विशेषण लावले, तर तक्रार करणाऱ्या आईवडिलांना अनुवादकाने आधीच खोटे ठरवले असा अर्थ होतो.

‘कथित’ हा शब्द तटस्थ आहे. मात्र तो वाक्यात कशाला चिकटतो हे पाहावे लागते. माणूस मेलेला असतो, शवविच्छेदन झालेले असते आणि पुष्कळदा गोळी आपल्याच तुकडीने झाडल्याचे सैन्यही मान्य करते; वाद असतो तो त्या गोळीला कायद्याचा आधार होता की नाही, एवढाच. म्हणून ‘कथित’ हे ‘बेकायदा’पुरते ठेवावे, मृत्यूवर त्याची सावली पडू देऊ नये. ‘गावकऱ्यांचा कथित मृत्यू’ हे वाक्य केवळ चुकीचे नाही, ते क्रूर आहे. संयुक्त राष्ट्रांनी १९९१ मध्ये काढलेल्या, मिनेसोटा प्रोटोकॉल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चौकशी-पुस्तिकेच्या शीर्षकात ‘हत्या’ या अर्थाचा शब्द होता. २०१६ च्या सुधारित आवृत्तीत त्याजागी ‘संभाव्य बेकायदा मृत्यू’ अशा अर्थाची शब्दयोजना आली. मृत्यू निश्चित, बेकायदेशीरपणा तपासायचा, हा क्रम तिथे नेमका साधला आहे.

इंग्रजी ‘एक्झिक्युशन’साठी घेतलेला ‘देहदंड’ मात्र मुळीच चालणार नाही, कारण दंड म्हटला की त्यामागे खटला आणि निकाल आलाच, आणि इथे तर तोच नसल्याची तक्रार आहे. १९८२ पासून या विषयासाठी संयुक्त राष्ट्रांचे विशेष प्रतिवेदक, म्हणजे चौकशी करून अहवाल देणारे स्वतंत्र तज्ज्ञ, नेमले जातात. त्यांच्या पदनामात तीन विशेषणे आहेत. मराठीत ती ‘न्यायबाह्य’, ‘सुनावणीविना’ आणि ‘मनमानी’ अशी करावीत आणि तिन्हींपुढे ‘हत्या’ हेच नाम ठेवावे. मधल्या विशेषणासाठी (मूळ इंग्रजी ‘समरी’) कोशातला ‘संक्षिप्त’ उचलला तर वाचकाला काहीच बोध होणार नाही.

पुरवणी प्रश्न : ‘हत्या’ म्हटल्याने निकाल आधीच लागत नाही का? ‘चकमकीत ठार’ हे अधिक सुरक्षित नाही का? (आणखी एक वाचक, सदाशिव पेठ)

उत्तर : नाही, उलट तेच अधिक धोक्याचे आहे. चकमक म्हणजे दोन्ही बाजूंनी झालेला गोळीबार, आणि तो तसा झाला का, हाच तर चौकशीचा मुद्दा असतो. ‘चकमकीत ठार’ लिहिणारा सरकारचा दावा स्वतःच्या तोंडाने मांडतो. ‘चकमकीत ठार झाल्याचे सैन्याने सांगितले’ एवढी तीन पदे वाढवली की वाक्य प्रामाणिक होते. मणिपूरमधील १५२८ मृत्यूंची यादी सर्वोच्च न्यायालयापुढे गेली, तेव्हा न्यायालयाने नेमलेल्या आयोगाने २०१३ मध्ये पहिली सहा प्रकरणे तपासली आणि त्यांपैकी एकही खरी चकमक नव्हती, असा निष्कर्ष दिला. त्याआधी हेच मृत्यू बातम्यांमध्ये कोणत्या शब्दांत छापले गेले असतील, याचा विचार प्रत्येक अनुवादकाने करावा.

कोलंबियाचे उदाहरण अधिक बोलके आहे. बोगोटाजवळच्या सोआचा येथील तरुणांना कामाचे आमिष दाखवून दूर नेण्यात आले आणि २००८ मध्ये त्यांचे मृतदेह सैन्याने ‘लढाईत मारले गेलेले बंडखोर’ म्हणून नोंदवल्याचे आढळले. तिथे या प्रकाराला ‘फॉल्सोस पॉझिटिव्होस’, म्हणजे ‘खोटी यशे’, असे नाव पडले. विशेष प्रतिवेदक फिलिप ऑल्स्टन २००९ मध्ये तिथे गेले, तेव्हा त्यांनी या नावावरच आक्षेप घेतला, कारण थंड डोक्याने केलेल्या खुनांना त्यामुळे तांत्रिक झिलई चढते. छायाचित्रांत मृतांच्या अंगावर इस्त्रीचे गणवेश होते, पायांत कित्येक मापे मोठे स्वच्छ बूट होते आणि डावखुऱ्यांच्या उजव्या हातात बंदूक होती. कोलंबियाचे सरकार आणि फार्क बंडखोर यांच्यातील शांतता करारानुसार स्थापन झालेल्या विशेष न्यायालयाने २०२१ मध्ये २००२ ते २००८ या काळातील बळींची संख्या किमान ६,४०२ असल्याचे जाहीर केले. या प्रकरणांत आता ‘कथित’ लिहिण्याचे कारण उरलेले नाही. जे सिद्ध झाले त्याला खून म्हणण्यास अनुवादकाने कचरू नये.

‘सैनिक’ की ‘जवान’, हेही सांगतो. दक्षिण कमांडचे मुख्यालय असलेल्या पुण्यात ‘जवान’ या शब्दामागे जिव्हाळा आहे आणि तो असायलाच हवा. पण आरोपांच्या अहवालात, मग तो कोणत्याही देशाचा असो, ‘सैनिक’ हाच शब्द वापरावा.

राहिला ‘संनियंत्रण’. आपल्या शासकीय मराठीत तो रुळला आहे, परंतु त्यात नियंत्रण आहे, आणि विशेष प्रतिवेदकांना ते नाही. त्यांना सरकारकडे पत्राने खुलासा मागता येतो, सरकारने बोलावले तरच त्या देशाचा अधिकृत दौरा करता येतो आणि मानवाधिकार परिषदेपुढे अहवाल ठेवता येतो. सैनिकाला अटक करण्याचा अधिकार त्यांना नाही. ‘देखरेख’मध्येही वरिष्ठाचा हक्क डोकावतो आणि ‘पाळत’ तर चोरून ठेवली जाते. तेव्हा शीर्षकात ‘निरीक्षण’ आणि मजकुरात ‘लक्ष ठेवणे’ किंवा ‘पाठपुरावा करणे’ असे लिहावे. तुमचे शीर्षक मग असे होईल : ‘सरकारी सैनिकांच्या हातून झालेले मृत्यू : बेकायदा हत्यांच्या आरोपांचे आंतरराष्ट्रीय निरीक्षण’.