व्हॅम्पायरला वेताळ म्हणावं का?

पिंपळपान: एका इंग्रजी कादंबरीचं भाषांतर करतेय. व्हॅम्पायर, घूल, वेअरवुल्फ असे सगळे एका बंगल्यात कोंडलेत, चोवीस तास कॅमेरे, आणि दर आठवड्याला पब्लिक व्होटिंग करून एकाला घराबाहेर काढतं. मी व्हॅम्पायरचा वेताळ केला, घूलचा खवीस. संपादकबाई म्हणतात वेताळ रक्त पीत नाही. मग लिहू काय? दर पानावर रक्तपिपासू पिशाच्च आलं तर वाचणारा पुस्तक मिटेल.

तळकोकणी: वेताळ अजिबात नको! आमच्या आरवलीच्या वेतोबाला लोक नवसाच्या चामड्याच्या चपला वाहतात, केळ्यांचे घड वाहतात, गावाचा राखणदार तो. त्याला तुम्ही व्होटिंग करून बाहेर काढणार?

जुनंपुराणं: हा घोळ आजचा नाही हो. रिचर्ड बर्टनने १८७० साली वेताळाच्या गोष्टी इंग्रजीत नेल्या तेव्हा त्यानेच वेताळाचा व्हॅम्पायर केला. आणि पंचविशीतला वेताळ प्रेतात शिरून लटकतो नि राजाला कोडी घालतो, म्हणजे घरातला सदस्य नाहीच, टास्क देणारा बिग बॉस तो.

वऱ्हाडी_ठेचा: व्हॅम्पायरले व्हॅम्पायरच म्हना ना. कॅमेरा चालते, व्होटिंग चालते, मंग हाच शब्द काहून नाही चालत?

शुद्धलेखक: मद्यप तसा रक्तप. तीन अक्षरांत काम. वेअरवुल्फला वृकमानव.

वऱ्हाडी_ठेचा: वृकमानव आयकून लांडगाच पळून जाईन 😂

आजीचीनात: मुळात आपली भुतं म्हणजे प्रजाती नाहीत, मरणाच्या तऱ्हा आहेत. मुंज झालेला पोरगा लग्नाआधी गेला की मुंजा, बाळंतपणात गेलेली बाई हडळ, इच्छा राहून गेलेला भटजी समंध. चावून कोणी मुंजा होत नाही. व्हॅम्पायरचं तसं नाही, ती लागण आहे. आणि खवीस नकोच, मूळ अरबी खबीस म्हणजे दुष्ट, घाणेरडा, पण आपल्याकडे त्याला मुसलमानाचं भूत असा अर्थ चिकटलाय. मढी खाणाऱ्या घूलला ते नाव दिलंत तर भलताच वास येईल.

तळकोकणी: समंध तर जागाच सोडत नाही. त्याला एलिमिनेट करा बघू, प्रोड्युसरच बॅग भरून बाहेर येईल.

पिंपळपान: मग घूलला काय लिहू ते सांगा ना कोणीतरी. घूलच ठेवू का?

शुद्धलेखक: आधी वरचं दुरुस्त करा. हडळ नव्हे, हाडळ. हाडांवरून आलाय शब्द.

आजीचीनात: जन्मभर हडळच ऐकलंय. हाडांचा काय संबंध, तिचे पाय उलटे असतात.

तळकोकणी: उलटे पाय जखिणीचे. हडळ पुढून धडधाकट बाई आणि पाठीमागून नुसता सांगाडा.

शुद्धलेखक: म्हणजे हाडं आलीच की!