सोलापुरातून बेटांवरील सागरी संवर्धनाच्या कामाकडे : कोणते प्रशिक्षण आधी घ्यावे?

उजनीकाठ (प्रश्न)

नमस्कार. मी सोलापुरात प्राणिशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेत असून, पुढे लक्षद्वीप किंवा अंदमानातील बेटांवर प्रवाळ, कासवे आणि मासेमारी यांच्याशी निगडित संवर्धनाचे काम करावे अशी माझी मनापासून इच्छा आहे. आमचा अभ्यास मुख्यतः गोड्या पाण्यातील माशांचा आहे आणि हिप्परगा तलाव व उजनी जलाशय यांपलीकडे पाण्याशी माझा फारसा संबंध आलेला नाही. पोहायला मी तरणतलावात शिकले आहे. चौकशी केल्यावर बहुतेकांनी आधी स्कूबा डायव्हिंगचे प्रमाणपत्र मिळवण्याचा सल्ला दिला. परंतु नोकरीची खात्री नसताना त्या खर्चासाठी वडिलांकडे पैसे मागणे मला प्रशस्त वाटत नाही. तेव्हा वेळ आणि पैसा कोणत्या क्रमाने खर्च करावा? शिवाय बेटांवरील रोजगारावर पहिला हक्क तेथील रहिवाशांचा असताना, बाहेरून जाणाऱ्या व्यक्तीला तेथे खरोखर काम असते का, हेही जाणकारांनी मोकळेपणाने सांगावे.

खारेवारे

मी अंदमानातील सर्वेक्षणांत काम केले आहे, त्या आधारे लिहितो. डायव्हिंगचे प्रमाणपत्र उपयोगी आहे, पण ते पहिली पायरी नव्हे. बेटाभोवतीच्या उथळ लगूनमधील (प्रवाळभित्तीच्या आतल्या शांत पाण्यातील) बरीचशी पाहणी केवळ मुखवटा आणि श्वासनळी लावून, पृष्ठभागावर तरंगत करता येते. प्रवाळभित्तीवर मोजपट्टी अंथरायची, ठरावीक अंतरावर तिच्याखाली काय आहे ते पाहायचे (जिवंत प्रवाळ, मृत प्रवाळ, शेवाळ, वाळू) आणि प्लास्टिकच्या पाटीवर पेन्सिलीने नोंदवायचे, असे या कामाचे स्वरूप असते. ऐकायला सोपे वाटते. परंतु लाट अंगावर येत असताना शरीर स्थिर ठेवणे, पायातील पंखा प्रवाळाला लागू न देणे आणि त्याच वेळी प्रजाती अचूक ओळखणे, हे कौशल्य सरावानेच येते. म्हणून आधी उघड्या पाण्यात निर्धास्त पोहता आले पाहिजे. सुरुवातीच्या पातळीचे डायव्हिंग प्रमाणपत्र १८ मीटर खोलीपर्यंतचेच असते. ते घेण्यासाठीदेखील पाण्याची भीती गेलेली असावी लागते.

दुसरी गोष्ट संख्याशास्त्राची. नमुना कसा निवडावा, दोन वर्षांच्या नोंदींची तुलना केव्हा ग्राह्य धरावी आणि नकाशावर माहिती कशी मांडावी, हे सोलापुरात बसून, जवळजवळ विनाखर्च शिकता येते. प्रकल्प सहायक निवडताना पाण्याची आवड असलेले अनेक उमेदवार समोर येतात, पण स्वच्छ नोंदी ठेवणारे आणि त्यांचे विश्लेषण करू शकणारे मोजकेच असतात. उजनीवर दर आठवड्याला एकाच घाटावर उतरणाऱ्या माशांची प्रजाती, लांबी, वजन आणि जाळ्याच्या आसाचा (छिद्राचा) आकार लिहून ठेवण्यास आजच सुरुवात करा. बेटांवरील मासेमारीच्या नोंदीही याच पद्धतीने होतात.

माळरान

मी सोलापूरचाच आहे आणि समुद्राचा जाणकार नाही. तरीही आपल्या जिल्ह्याने संवर्धनाबद्दल जे शिकवले ते येथे सांगणे मला आवश्यक वाटते. नान्नजचे माळढोक अभयारण्य १९७९ साली जाहीर झाले, तेव्हा त्यात खासगी शेतजमिनींचे फार मोठे क्षेत्र आले. जमिनींच्या व्यवहारांवर बंधने आल्याने शेतकऱ्यांच्या मनात पक्ष्याविषयीच अढी बसली आणि पुढे अभयारण्याचे क्षेत्र बरेच घटवावे लागले. बेटावरचा मच्छीमार आणि आपला माळरानावरचा शेतकरी यांच्यात या बाबतीत फरक नाही. तेव्हा लोकांची बैठक कशी घ्यावी, आक्षेप कसे ऐकून घ्यावेत आणि दिलेला शब्द कसा पाळावा, याचे प्रशिक्षण तुम्ही एखाद्या पाणलोट किंवा ग्रामविकासाच्या कामात वर्षभर राहून घ्यावे, असे मी आग्रहाने सुचवतो.

मालवणवाट

खर्चाविषयी थोडक्यात. सोलापूरहून समुद्र गाठायचा तर अंदमानाआधी मालवण आहे. तेथील सागरी अभयारण्य १९८७ सालचे आहे आणि जवळच तारकर्ली येथे राज्याच्या पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा डायव्हिंग प्रशिक्षण संस्था आहे. पावसाळ्यात समुद्रातील प्रशिक्षण बंद असते, हे लक्षात ठेवून बेत आखा. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथे ऑलिव्ह रिडले कासवांच्या घरट्यांची राखण गावकरीच करतात. घरटे हलवताना अंडी कशी हाताळतात आणि पिल्ले समुद्राकडे केव्हा सोडतात, हे तेथे जवळून पाहता येईल. विणीचा हंगाम हिवाळ्यात सुरू होतो.

उजनीकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. घाटावरील नोंदींना मी या आठवड्यापासून प्रारंभ करते. भाषेचा प्रश्न मात्र राहतो, आणि स्थानिकांच्या रोजगाराविषयीचाही.

खारेवारे

अंदमानात हिंदीवर काम भागते. लक्षद्वीपमध्ये मल्याळमची बेटांवरील बोली चालते आणि मिनिकॉय बेटावर महल ही भाषा. त्यामुळे तिकडे जायचे असल्यास मल्याळम आतापासून शिका. बाहेरच्या व्यक्तीला तेथे प्रवेशासाठी परवानगी लागते. लोकवस्तीची बेटे दहाच, आणि लोकसंख्येत ९० टक्क्यांहून अधिक अनुसूचित जमातींचे लोक आहेत. त्यामुळे स्थानिकांच्या हक्काचा तुमचा मुद्दा अगदी रास्त आहे.

तेथील कुप्याची (ट्यूना माशाची) मासेमारी काठी आणि गळाने होते. त्यासाठी लगूनमधून छोटे आमिषमासे पकडून होडीतल्या टाकीत, वाहत्या पाण्यात जिवंत ठेवतात. कुप्यांचा थवा दिसला की ते पाण्यात फेकतात आणि वर आलेल्या माशांना काठीने एकेक करून होडीत खेचून घेतात. या आमिषमाशांपैकी अनेक जाती प्रवाळांच्या आश्रयाने वाढतात. १९९८, २०१० आणि २०१६ साली समुद्र तापून तेथील प्रवाळ पांढरे पडले. प्रवाळभित्ती खालावली की आमिष मिळण्यावर त्याचा काय परिणाम होतो, हे पिढ्यान्‌पिढ्या लगूनमध्ये उतरणाऱ्यांइतके बाहेरून आलेल्या कोणालाही कळणार नाही. म्हणून गळ टाकणाऱ्यांनीच स्वतःच्या नोंदवह्या भराव्यात, अशी पद्धत तेथे रुजवण्याचे प्रयत्न झाले आहेत.

बाहेरून जाणाऱ्याचे खरे काम येथेच आहे. नोंदवहीचा नमुना लोकांशी बोलून ठरवणे, बेटावरील मुलामुलींना मोजणी व विश्लेषण शिकवणे, जमलेली माहिती त्यांच्याच भाषेत त्यांच्यापुढे परत मांडणे आणि दोन-तीन वर्षांत ती जबाबदारी त्यांच्यापैकी कोणाकडे तरी सोपवणे, एवढे तुम्ही करू शकलात तर तुमच्या जाण्याने तेथील कोणाची नोकरी हिरावली जाणार नाही. अर्ज करताना संस्थेला थेट विचारा की स्थानिक सहकाऱ्यांना मानधन किती मिळते आणि अहवालावर त्यांची नावे येतात का. उत्तर समाधानकारक नसेल तर दुसरी संस्था शोधावी, असे माझे स्पष्ट मत आहे.