आईच्या फोनवरचं यूपीआय काढून टाकलं. माझं चुकलं का?

विरारचा चाकरमानी:
आई गुहागरजवळ गावात एकटी असते. मे महिन्यात रतांबे फोडायला बसली होती आणि फोन वाजला. "आजी, तुमचं केवायसी संपलंय, संध्याकाळी खातं बंद होणार." हिचे दोन्ही हात रसाने लाल. शेजारच्या पोराला हाक मारून एटीएम कार्डावरचे आकडे वाचून घेतले, मग मेसेजमधला ओटीपी सांगितला. दोनदा. ३८ हजार गेले. फोनवर अजून त्या रसाचा डाग आहे.
रविवारी गाडी पकडून गावी गेलो आणि यूपीआय काढून टाकलं. आता वाणसामानाचे पैसे मीच इथून दुकानदाराला पाठवतो. आई धड बोलत नाही. माझं मत सरळ आहे: साठीनंतर फोनवर बँक नकोच.

देवगडची सून:
म्हणजे चोरी त्याने केली आणि शिक्षा आईला. तिला आता चहापावडर संपली की विरारला फोन करायचा? तुम्ही लोकलमध्ये लटकलेले असाल तेव्हा? आमच्याकडे एसटीत कंडक्टरसुद्धा क्यूआर पुढे करतो.

विरारचा चाकरमानी:
ताई, पैसे तुमचे गेलेले नाहीत, म्हणून बोलणं सोपं आहे.

देवगडची सून:
जाता जाता राहिलेत. गेल्या सीझनला आमच्या ह्यांना फोन. म्हणे मी फौजी, वीस पेट्या हव्यात, भाव पण नाही पाडला! तिथेच मला वास आला. "आधी ५ रुपये पाठवा, १० परत येतात का बघा." खरंच आले. मग अॅडव्हान्सचा म्हणून क्यूआर पाठवला आणि स्कॅन करून पिन टाका म्हणाला. पैसे यायला पिन कशाला लागेल? पिन लागतो तो पैसे जाताना. ह्यांचं बोट स्क्रीनवर टेकलं होतं, हातातून फोन ओढला. आणि ह्यांचं वय एक्केचाळीस. साठीचं काय घेऊन बसलात?

निवृत्त कॅशिअर, चिपळूण:
चाकरमानी, राग मानू नका, पण चोर मागीलदाराने आला आणि तुम्ही कुलूप पडवीला लावलंत. कार्डाचे आकडे आणि ओटीपी दिला म्हणजे पैसे कार्डावरून गेले. यूपीआयचा त्यात संबंधच नाही. कार्डाचा ऑनलाइन वापर बंद केलात का? ते बटण २०२० पासून प्रत्येक बँकेला द्यावं लागतं. आईंना कार्ड एटीएमपुरतंच लागत असेल तर ऑनलाइन बंदच ठेवा.
दुसरं, तक्रार किती वेळाने केलीत?

विरारचा चाकरमानी:
कार्डाचं राहिलंच. तक्रार तिसऱ्या दिवशी. आई मला सांगायलाच घाबरली.

निवृत्त कॅशिअर, चिपळूण:
तिथे खरं नुकसान झालं. रिझर्व्ह बँकेचा २०१७चा नियम असा: ओटीपी आपणच दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन केला तर पैसे पुढच्या खात्यात अडवता येतात. एकदा एटीएममधून काढले की संपलं. सुनबाईंचं मात्र मला अर्धंच पटतं. पेन्शनचं, एफडीचं खातं फोनला जोडूच नये. वेगळं छोटं खातं उघडा, यूपीआय त्याच्यावर.

मालवणी माणूस:
माझ्या आवशीक असोच फोन इलो. तिना इचारल्यान, "तू खंयच्या शाखेचो रे मेल्या? आमच्या शाखेतलो सायब माका नावान वळाखता." फोन कट. माणसाक शाना करूचा, फोन कित्याक काढून घेतंस?

काजूवाला, वेंगुर्ला:
सगळे म्हातारीलाच शहाणं करायला निघालेत. बँका काय करतात? मला खुद्द माझ्या बँकेतून साध्या मोबाइल नंबरवरून फोन आला आणि पहिला प्रश्न जन्मतारीख. खरा असा बोलणार, तर खोटा ओळखायचा कसा?

निवृत्त कॅशिअर, चिपळूण:
बरोबर आहे तुमचं. म्हणून तर बँकांच्या कामाच्या फोनसाठी १६०० ने सुरू होणारे नंबर ठरवलेत, जाहिरातीसाठी १४०. पण १६०० दिसला म्हणून ओटीपी द्यायचा नाही. फोन ठेवायचा आणि पासबुकावरच्या नंबरवर आपण लावायचा.

काजूवाला, वेंगुर्ला:
आणि तो नंबर पंधरा मिनिटं गाणं ऐकवतो.

विरारचा चाकरमानी:
कार्डाचं ऑनलाइन काल बंद केलं. तरी यूपीआय परत द्यायला मन होत नव्हतं. रात्री आईला फोनवर हे सगळं वाचून दाखवलं. फौजीवर हसली. म्हणाली, तुला सांगितलं असतं तर तू ओरडला असतास, म्हणून तीन दिवस गप्प बसले. त्यावर मला काही बोलता आलं नाही.
वेगळं खातं उघडतोय. मी पाच हजार ठेवू म्हटलं. ती म्हणाली, शनिवारी गड्यांची मजुरी कोण देणार, तुझा दुकानदार? दहा ठेव.
दहा ठेवतोय.