मदत हवी आहे: सर्फ म्युझिकसाठी गिटार-बासच्या तारा, तेही खाऱ्या हवेत

मालवणात आम्ही चौघं सर्फ (साठच्या दशकातलं, भरपूर रिव्हर्ब असलेलं गिटार-संगीत) वाजवतो. गिटार स्ट्रॅटसारखी, स्केल २५.५ इंच, बास चार तारांचा, ३४ इंची. ट्यूनिंग साधं ई.

गिटारला १०-४६ (सगळ्यात बारीक ते सगळ्यात जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात) निकल राउंडवाउंड, म्हणजे गोल तार गुंडाळलेल्या, होत्या. जाड तारांवर जोरात ट्रेमोलो पिकिंग (एकच सूर पिकने भराभर वर-खाली छेडणं) केलं की तार सैल वाटते, सूर वर सरकतो. ११-४९ लावल्या तर आवाजाला वजन आलं, पण ब्रिज मागून उचलला. ब्रिजला मागून ओढून धरणाऱ्या स्प्रिंगा तीनच्या पाच केल्या, तेव्हा बसला. सर्फ गिटारचा बादशहा डिक डेल, त्याची पहिली तारच १६ची असायची. आपल्या बोटांना ते झेपायचं नाही, आणि नटच्या (मानेच्या टोकाशी तारा टेकतात त्या पट्टीच्या) खाचाही कापाव्या लागतील.

बासवर ४५-१०५ राउंडवाउंड आहेत. झणझणाट नको म्हणून ब्रिजपाशी तारांखाली भांडी घासायचा स्पंज कोंबलाय. हसू नका, बरा चालतो!

खरी पीडा हवेची. वाजवून झाल्यावर पुसल्या तरी पावसाळ्यात तीन आठवड्यांत तारा खरखरीत होतात. कोटेड (गंजू नयेत म्हणून पातळ आवरण दिलेल्या) जास्त टिकल्या, पण पिकने आवरणाची पिसं निघाली.

आता फ्लॅटवाउंड (सपाट पट्टी गुंडाळलेल्या, गुळगुळीत तारा) घ्यायचा विचार आहे. महाग आहेत, एकदाच घेणार, आणि सेटअपवाला (नव्या तारांप्रमाणे गिटार जुळवून देणारा) थेट कोल्हापूरला. मी बेंड (तार ओढून सूर चढवणं) फारसे करत नाही, त्यामुळे ‘जी’ सुराची तिसरी तार गुंडाळलेली असली तरी चालेल.

किनाऱ्यावर राहून फ्लॅटवाउंड वापरलेल्यांनी सांगा: गिटारला ११चा संच पुरेल की १२चाच हवा, स्प्रिंग रिव्हर्बमध्ये (स्प्रिंगांतून आवाज घुमवणाऱ्या यंत्रात) सर्फची ती टणटणीत धार राहते का, आणि बासवर त्या लावल्या तर स्पंज काढावा का?