मदत हवी आहे: मूत्राशय भरलेलं नसताना एवढी घाई का होते?

आईला (वय ६८) आठ महिन्यांपासून लघवीचा त्रास आहे. लागली की दम निघत नाही, रात्री चारदा उठते. कुलपात किल्ली घातली की हमखास कळ येते, दारातच. लघवीत जंतू नाहीत, साखर नॉर्मल. ‘ओव्हरअ‍ॅक्टिव्ह ब्लॅडर’ म्हणून सॉलिफेनासिन सुरू केलं. घाई कमी झाली, पण तोंडाला अशी कोरड की बोलताना जीभ टाळूला चिकटते. आता मिराबेग्रॉन लिहून दिलंय.

तीन दिवस मापाचं भांडं घेऊन नोंद ठेवली. एवढी धावपळ, आणि भांड्यात ११०, ९०, १३० मिली! अ‍ॅसिटिलकोलीनमुळे (मज्जातंतूंचा निरोप पोचवणारं रसायन) स्नायू आवळतो हे वाचलं. पण त्याआधी ‘भरलंय’ ही खोटी वर्दी देतं कोण?

प्रतिसाद १
शरीरक्रियाशास्त्र शिकवतो, उपचार करत नाही. गोळ्यांचं डॉक्टरांनाच विचारा.

वर्दी खोटी नाही, वाढवून सांगितलेली आहे. मूत्राशयाचं अस्तर म्हणजे नुसता जलरोधक लेप, असं बरीच वर्षं समजत. पण ते ताणलं की त्यातल्या पेशी एटीपी सोडतात. हो, शाळेत ‘ऊर्जेचं चलन’ म्हणून पाठ केलेला तोच. इथे तो निरोप्या. अस्तराखालच्या मज्जातंतूंवरचे पी२एक्स३ ग्राही (ठरावीक रसायन ओळखणारी प्रथिनं) तो टिपतात आणि निरोप मज्जारज्जूतून वर जातो. २००० साली हे ग्राही नसलेल्या उंदरांवरचं काम प्रसिद्ध झालं: त्यांचं मूत्राशय जास्त भरेपर्यंत गप्प राहायचं. या आजारात अनेकांचं अस्तर थोड्याशा ताणालाही जास्त एटीपी सोडतं. भरीला प्रोस्टाग्लँडिन (मज्जातंतूंना हळवं करणारं रसायन), आणि अस्तराचं स्वतःचं अ‍ॅसिटिलकोलीनही.

सॉलिफेनासिन अ‍ॅसिटिलकोलीनचे ग्राही अडवतं. तसलेच ग्राही लाळग्रंथींतही असतात, म्हणून कोरड. मिराबेग्रॉनचा रस्ताच वेगळा: ते बीटा-३ ग्राहींना चेतवून मूत्राशय भरत असताना स्नायू सैल ठेवतं. कोरड त्यामानाने कमी. रक्तदाब मात्र वाढू शकतो, तो मोजत राहा.

प्रतिसाद २
किल्लीची कळ मलाही यायची. दाराशी धावू नका म्हणावं. जागीच थांबून, लघवी रोखताना आवळतो ते स्नायू भराभर पाच-सहा वेळा आवळायचे. लाट ओसरली की मग चालायचं. आणि पाणी तोडलं नाहीये ना त्यांनी? गडद लघवी अस्तराला आणखी टोचते.

धागाकर्ती
दोघांचेही आभार. आईला बीपीची गोळी चालू आहे, सोमवारी डॉक्टरांना आधी तेच विचारते. पाण्याचं विचारलं तर गप्प बसली. मग कबूल केलं: दुपारी चारनंतर घोटभरही नाही, गेले दोन महिने.